सर्पदंश आणि रक्ताची गोठणशक्ती

सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा हे गाव जिवंत नागांच्या पूजेमुळे प्रसिद्ध झाले. तथापि सातारा व सांगली जिल्ह्यांत, कृष्णा, कोयना आणि वारणा काठच्या उसात रात्री दारे धरणाऱ्या किंवा पाचट उचलणाऱ्या माणसाने नागाइतकीच घोणस सापाचीही धास्ती बाळगली पाहिजे. नागाचे विष प्रामुख्याने मज्जासंस्थेवर परिणाम करते, तर घोणस सापाचे विष मुख्यतः रक्तावर.

विळ्याने बोट कापले, तर काही मिनिटांत रक्त थांबते. जखमेशी प्रथम रक्तबिंबिका गोळा होतात. मग रक्तातील गोठणद्रव्ये साखळीने एकामागून एक कार्यान्वित होतात आणि शेवटी फायब्रिनोजेन या प्रथिनापासून तंतूंचे जाळे विणले जाते. यांतील बहुतेक द्रव्ये यकृतात तयार होतात. घोणस सापाचे विष हीच साखळी रक्तवाहिन्यांत विनाकारण सुरू करते. साठा खर्च होऊन जातो व रक्त गोठेनासे होते. हिरड्यांतून, लघवीवाटे, सुई टोचल्या जागेतूनही रक्त येऊ लागते; मूत्रपिंडे निकामी होण्याचाही धोका असतो. अशा वेळी दंशाच्या जागी ब्लेडने चीर देणे म्हणजे न थांबणारी जखम आपल्या हाताने करणे होय.

हा बिघाड ओळखण्यास मोठी प्रयोगशाळा लागत नाही. शिरेतील सुमारे २ मिलिलिटर रक्त काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटे न हलविता ठेवतात व एकदाच तिरपे करून पाहतात. रक्त पातळच राहिले, तर गोठणशक्ती नष्ट झाली असे समजावे. नळी काचेचीच, नवी, कोरडी हवी. साबणाचा अंश राहिल्यास किंवा प्लॅस्टिकची नळी वापरल्यास निष्कर्ष चुकतो. लसीच्या कुप्या मोजणाऱ्या पंचायत सदस्यांनी या नळ्यांचीही चौकशी करावी. पहिल्या वेळी रक्त गोठले तरी चाचणी पुन्हा करावी लागते.

रक्त गोठण्यावर परिणाम करणाऱ्या औषधांविषयी बराच गैरसमज आहे. वॉरफॅरिन हे औषध १९४८ साली उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि १९५४ पासून रुग्णांनाही देण्यात येऊ लागले. ते यकृतातील ‘के’ जीवनसत्त्वाचे कार्य रोखते. म्हणून त्याच्या अतिरेकावर ‘के’ जीवनसत्त्व हाच उतारा. सर्पदंशात मात्र या जीवनसत्त्वाचे इंजेक्शन कामाचे नाही. तेथे कारखाना चालू असतो, पण तयार माल विष संपवीत असते. हेपारिनचाही उपयोग होत नाही. विषच निष्प्रभ करावे लागते, व ते काम घोड्यांच्या रक्तद्रवापासून बनविलेली प्रतिविष लस करते. भारतातील ही लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. मात्रा शिरेतून देतात; बालकालाही प्रौढाइतकीच, कारण सापाने सोडलेले विष वय पाहून कमी होत नाही. यकृतास नवी द्रव्ये तयार करण्यास वेळ लागत असल्याने पुढील चाचणी सहा तासांनी करतात.

वेदनेसाठी ॲस्पिरिन देऊ नये. ते रक्तबिंबिकांना एकमेकींस चिकटू देत नाही. पॅरासिटामॉल चालते. रुग्ण हृदयविकारासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असल्यास नातेवाइकांनी त्या गोळ्यांचे पाकीट सोबत न्यावे.