वॉलआय गळाला का लागला नाही?

प्रश्न : आम्ही डेन्व्हरला राहतो. जुलैत पहिल्यांदाच नेब्रास्कातल्या लेक मॅकॉनहीवर वॉलआय मासे पकडायला गेलो. भर उन्हात दिवसभर काठाशी गळ टाकले, एकही मासा लागला नाही. काय चुकलं?

उत्तर : वेळ आणि जागा, दोन्ही. वॉलआयच्या दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा थर असतो, म्हणून रात्री बॅटरी मारली की त्याचे डोळे मांजरासारखे चमकतात. मंद उजेडात त्याला भक्ष्य छान दिसतं. उन्हात तो खोल उतरतो. किंग्जली धरणामागचं हे पाणी नितळ, मग दुपारी काठाशी तो येईलच कशाला? पहाटे किंवा सूर्यास्तानंतर जा. खोलीच्या नकाशावर नॉर्थ प्लॅट नदीचं बुडालेलं पात्र शोधा. तलावात शिरलेली जमिनीची टोकं त्याकडे उतरतात तिथे तळालगत जिगला (डोक्याशी वजन असलेल्या गळाला) गांडूळ लावून अगदी सावकाश ओढा. वॉलआय बहुतेकदा हिसका देत नाही, आमिष आत ओढून घेतो. दोरी नुसती जड वाटते. तेव्हाच गळ उचला. वाऱ्याने लाटा आपटतात तो किनारा लोक टाळतात, याची मला फार हळहळ वाटते. तिथे पाणी गढुळतं, छोटे मासे जमतात आणि वॉलआय दिवसाही वर येतो. परवाना मात्र नेब्रास्काचाच हवा, कोलोराडोचा चालत नाही.