लहान गिटार कशी पारखून घ्यावी

दावीद गल्याथाशी लढावयास निघाला तेव्हा शौल राजाने आपला पोशाख व चिलखत त्याच्या अंगावर चढविले, हे शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात आपण वाचितो. चिलखत हलके नव्हते असे नाही, परंतु वाईटही नव्हते. ते राजाचेच होते. दाविदास मात्र त्यात चालता येईना. त्याने ते उतरवून ठेविले आणि ज्या गोफणीची त्याच्या हातास सवय होती तीच घेतली. आमच्या खेड्यांतील मंडळ्या वाद्ये विकत घेतात तेव्हा हा प्रसंग आम्हांस वारंवार आठवतो.

आमच्या परिचयाची एक लहानशी मंडळी आहे. घरे वीस-बावीस; बहुतेक सर्व शेतमजूर. कापणीच्या उपकारस्तुतीत जे दान जमले त्यातून तरुणांकरिता एक गिटार घ्यावी असे तेथील बंधूंनी ठरविले. शहरास जाणाऱ्या एका गृहस्थांजवळ पैसे दिले. त्यांनी दुकानात जी सर्वांत मोठी व सर्वांत चकचकीत दिसली ती आणिली. ती एका बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या हाती दिली. मुलाचा गळा गोड, ताल पक्का. परंतु वाद्य मांडीवर घेतले म्हणजे त्याची हनुवटी त्याच्या काठावर टेके व उजवा हात वरून तारांपर्यंत नीट पोहोचत नसे. तारा इतक्या उंच होत्या की त्या दाबिता दाबिता त्याची बोटे सोलून निघाली. चार महिन्यांनी त्याने गिटार खुंटीस टांगिली. त्याच्या वडिलांनी आम्हांस विचारिले तेव्हा आम्ही म्हणालो, "प्रत्येकास प्रत्येक कृपादान मिळत नाही." हे बोलणे धार्मिक होते, पण खरे नव्हते. दोन वर्षांनी एक जाणते वादक त्या गावी गेले. त्यांनी पट्टी लावून पाहिले, तो बाराव्या पडद्यावर तारा पाच मिलिमीटर उंच होत्या. दोष मुलाचा नव्हता, वाद्याचा होता. आणि न तपासता बोलण्याचा दोष आमचा होता. त्या चुकीची थोडी भरपाई व्हावी म्हणून हा पाठ लिहीत आहो.

प्रथम हे समजून घ्यावे की लहान गिटार म्हणजे मुलांचे खेळणे नव्हे. आज आपण जिला लहान म्हणतो तीच एके काळी पूर्ण मापाची होती. १८१८ च्या नाताळच्या आदल्या रात्री ऑस्ट्रियातील ओबेर्नडॉर्फ गावी योसेफ मोर व फ्रान्झ ग्रूबर यांनी शांत रात्रीचे ते जगप्रसिद्ध गीत पहिल्याने गाइले, तेव्हा साथीस जी गिटार होती ती त्या काळच्या रीतीप्रमाणे आटोपशीर अंगाचीच होती. (उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडला म्हणून गिटार घ्यावी लागली, ही गोष्ट आपण नाताळात हौसेने सांगतो, ती मागाहून रचलेली दिसते.) क्रिस्तियान फ्रेडरिक मार्टिन नावाचा जर्मन कारागीर १८३३ साली अमेरिकेस गेला व १८३९ साली पेन्सिल्व्हेनियातील नाझरेथ गावी स्थायिक झाला. हे गाव मोरेव्हियन मंडळीने वसविलेले. ज्या मंडळीने १७३२ साली वेस्ट इंडीज बेटांतील गुलामांकडे आपले सुवार्तिक पाठविले तीच ही. मार्टिन घराण्याचा कारखाना अद्यापि त्याच गावी आहे. त्याच्या मापांची रीत गमतीची आहे. आरंभी आकडा जितका लहान तितके वाद्य मोठे. १ पेक्षा मोठे करावे लागले तेव्हा त्यास शून्य म्हटले, मग दोन शून्ये, आणि १९०२ साली तीन. एका शून्याची गिटार तळाशी साडेतेरा इंच रुंद असते. हल्ली दुकानांत सर्रास दिसते ती रुंद कमरेची मोठी गिटार १९१६ साली निघाली, आणि एका इंग्रजी युद्धनौकेवरून तिला ड्रेडनॉट हे नाव पडले. ती साडेपंधरा इंचांहून थोडी अधिक रुंद असते.

मोठ्या अंगाचा आवाज मोठा व खर्जाचा गाज अधिक. उघड्या मैदानावर किंवा मोठ्या मेळ्यात त्याचा उपयोग आहे. परंतु आपल्या घरगुती उपासनेत सात-आठ माणसे घोंगडीवर बसलेली असतात. गाणारी एक म्हातारी आई, दोन मुली, आणि उपदेशकबंधू. तेथे खर्जाचा गाज शब्दांवर पडदा घालतो. लहान अंगाच्या गिटारीत खर्ज थोडा, पण मधले स्वर स्पष्ट असतात, आणि ते कंठाच्या खाली बसतात. शिवाय मांडी घालून जमिनीवर बसणाऱ्यास ती कवेत येते, आणि सायकलीवर किंवा एस.टी.त नेणे सोपे जाते. फावल्या वेळी चार गीते वाजविणाऱ्यास याहून अधिक कशाची गरज आहे? मात्र लहान गिटारीकडून मोठीचा आवाज मागू नये.

आता तारांविषयी. गिटारी मुख्यतः दोन जातींच्या असतात, नायलॉनच्या तारांच्या व पोलादी तारांच्या. नायलॉन बोटांस मऊ, दांडी मात्र रुंद. पोलादी तारांचा आवाज ठसठशीत, दांडी अरुंद, परंतु पहिले काही आठवडे बोटे दुखतात. वयाने लहान मुलास नायलॉनची द्यावी. केवळ गाण्यास साथ करू इच्छिणाऱ्या प्रौढास पोलादी चालेल. एक गोष्ट मात्र कोरून ठेवावी: नायलॉनच्या गिटारीवर पोलादी तारा कधीही चढवू नयेत. नायलॉनच्या सहा तारांचा मिळून ताण सुमारे चाळीस किलो असतो. पोलादी बारीक तारांचाही सत्तरच्या आसपास जातो. तारा बांधलेली लाकडी पट्टी उखडून येते किंवा तबलीस फुगवटा येतो. आवाज वाढावा म्हणून असे केल्याने मोडलेली वाद्ये आम्ही एकाहून अधिक पाहिली आहेत.

गिटारीचा स्वर मुख्यतः तिच्या तबलीतून निघतो. याचे प्रमाण स्पेनमधील थोर कारागीर आंतोनियो दे तोर्रेस याने १८६२ च्या सुमारास दिले. त्याने एका गिटारीची पाठ व बाजू पुठ्ठ्याच्या केल्या, तबली तेवढी उत्तम लाकडाची ठेविली. आणि वाद्य गोड बोलले. म्हणून बाजूंवरील शिंपल्यांचे जडावकाम, रंग व झिलई यांस पैसे देऊ नयेत. तबली दोन प्रकारची असते: अखंड लाकडाची, किंवा पातळ थर चिकटवून केलेली. अखंड लाकडाची तबली अधिक गोड वाजते व वापराने खुलते. तरी आमचे मत असे की पत्र्याच्या घरात राहणाऱ्या व गावोगाव फिरणाऱ्या उपदेशकाने थरांची तबली घेतली तर त्यात कमीपणा नाही. मराठवाड्याच्या किंवा नगरकडील उन्हाळ्यात अखंड लाकूड सुकून तडकते. थरांचे लाकूड पुष्कळ सोसते. जाणकार लोक याविरुद्ध बोलतील, पण त्यांची घरे बहुधा कौलारू व गार असतात.

दुकानात गेल्यावर घाई करू नये. पुढील तपासणीस पाव तासही लागत नाही, व ज्यास एकही गीत वाजविता येत नाही त्यासही ती करिता येते.

गिटार डोळ्यासमोर धरून दांडीच्या टोकाकडून घोडीकडे, बंदुकीचा नेम धरावा तसे पाहावे. दांडी पिळलेली दिसली तर ती खाली ठेवावी. त्या रोगास स्वस्त औषध नाही. मग एक तार पहिल्या पडद्यावर व दांडी अंगास मिळते तेथे, अशी दोन ठिकाणी एकाच वेळी दाबावी. मध्यभागी, सातव्या पडद्याजवळ, तार व पडदा यांत जाड कागद जाईल इतकीच फट असावी. पोस्टकार्डांची चवड मावत असेल तर दांडी वाकली आहे. पुष्कळ पोलादी तारांच्या गिटारींच्या दांडीत लोखंडी गज असतो, त्याने हे सुधारिता येते; तो आहे की नाही हे विचारावे.

नंतर बारावा पडदा. तेथे तार पडद्यापासून अडीच मिलिमीटरपर्यंत उंच असेल तर उत्तम. तीनच्या वर जाऊ लागली म्हणजे नवशिक्याचे हाल आहेत. नायलॉनच्या तारा थोड्या अधिक उंच चालतात. शाळेची साधी पट्टी खिशात न्यावी. दुकानदार हसला तर हसू द्यावे. दांडीच्या वरच्या टोकास खाचा पाडलेली जी पांढरी पट्टी असते तिच्याकडेही पाहावे. स्वस्त वाद्यांत तिच्या खाचा उथळ असतात, त्यामुळे पहिल्याच पडद्यावर तार दाबणे अत्यंत कठीण होते, आणि नवशिका तर तेथेच बोटे ठेवितो. त्या मुलाच्या गिटारीत हा दोषही होता. हा दोष बरा होणारा आहे: कारागिराने खाचा बारीक कानशीने खोल कराव्यात व घोडी खालून घासावी. काम तासाभराचे. म्हणून दुकानदारास विकण्यापूर्वीच ते करून देण्यास सांगावे.

पुढे सूर. तार बाराव्या पडद्यावर दाबून वाजवावी. मोकळ्या तारेचाच स्वर एक सप्तक वर यावयास पाहिजे. पेटीवर गाणाऱ्याचा कान हे सहज सांगतो. तो चढा किंवा उतरता आला तर ती गिटार कितीही जुळविली तरी बेसूरच राहील. यानंतर प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर एकेकदा वाजवावी. कोठे झणझण झाली तर पडदा उंचसखल आहे. खुंट्या फिरवून पाहाव्यात, त्या घसरू नयेत व अडखळू नयेत. शेवटी आतून, भोकातून, डिंकाचे सांधे पाहावेत, आणि घोडीची पट्टी मागून सुटत आहे काय म्हणून तिच्याखाली कागदाची कड सरकवून पाहावी. जुने वाद्य घेताना ही शेवटची तपासणी कधीही चुकवू नये. अशी सर्व पाहणी करून घेतलेली जुनी गिटार नव्या निकृष्ट गिटारीहून शंभर पट बरी.

पैशाविषयी लिहिणे अवघड, कारण भाव फिरतात. सांप्रत साधी नवी गिटार तीन ते सहा हजार रुपयांत मिळते, व बऱ्या घडणीची लहान गिटार त्याच्या दुपटीत किंवा थोड्या अधिकात. कलकत्त्यास बनलेल्या गिव्हसन गिटारी पुष्कळ दिवसांपासून गरिबांच्या हाती आहेत. त्या एकीसारखी एक नसतात, म्हणून वरील तपासणी त्यांस विशेष लागू. यामाहाची एफएस ८०० ही आटोपशीर अंगाची, अखंड लाकडाच्या तबलीची आहे. तिच्या तारेची लांबी ६३४ मिलिमीटर, मोठीची ६५०. हा फरक बोटभरही नाही, पण तार आखूड असली म्हणजे त्याच सुरास ताण कमी लागतो व लहान हातास ते कळते. आम्ही कोणाचे दलाल नाही. मंडळीस एवढेच सांगतो की जमलेल्या रकमेतून दर शंभरांतले दहा रुपये तारा, पिशवी व कानशीचे काम यांकरिता बाजूस काढावेत. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज करावा, हे प्रभूने लूकच्या चौदाव्या अध्यायात सांगितलेच आहे. मुंबईस धोबी तलावाकडे वाद्यांची जुनी दुकाने आहेत. तेथे जाणाऱ्याने वाजविता येणारा एखादा तरुण बरोबर न्यावा, पैसे नेणारा एकटा जाऊ नये.

घरी आणिल्यावर ती पत्र्याखाली टांगू नये, चुलीजवळ व उन्हाच्या कवडशात ठेवू नये. कोकणातील बंधूंनी पावसाळ्यात जाड कापडात गुंडाळावी. दमटपणाने तबली फुगून तारा वर येतात, त्या थंडीत पुन्हा उतरतात. महिनाभर वाजवावयाची नसेल तर तारा थोड्या सैल कराव्यात.

पेटीबरोबर ती कशी वाजवावी, असे एका उपदेशकबंधूंनी विचारिले आहे. पेटीस हाकलून गिटार आणू नये. नारायण वामन टिळकांनी भजन-कीर्तनाच्या देशी रीतीने जे दिले ते आपल्या घरचे धन आहे. आपली पदे बहुधा काळी एक, काळी दोन किंवा काळी चारमध्ये धरितात, व गिटारीवर नवशिक्यास ते सूर जड जातात. यास कॅपो नावाचा चिमटा आहे. तो पहिल्या पडद्यावर लावावा. मग सीच्या आकारांनी वाजविले म्हणजे काळी एक होते, डीच्या आकारांनी काळी दोन, आणि जीच्या आकारांनी काळी चार. तारा आधी पेटीवरूनच मिळवून घ्याव्यात, कारण जुनी पेटी पुष्कळदा थोडी चढी किंवा उतरती असते व ती काही आपल्याकरिता बदलणार नाही.

ज्या मुलाची हकीकत वर दिली तो आता पुण्यास कामावर आहे. त्या वादकांनी त्याच्या गिटारीची घोडी घासून तारा खाली बसविल्या. गिटार अद्यापि मोठीच आहे, तिला कोणी लहान करू शकत नाही. परंतु त्याची धाकटी बहीण ती जमिनीवर आडवी टेकवून वाजविते, आणि गेल्या खेपेस आम्ही त्या गावी गेलो तेव्हा तिने तीन गीतांस साथ केली. त्याच्या वडिलांस आम्ही आमचे शब्द परत घेतल्याचे सांगितले. मुलास पत्राने कळविले आहे.