दवाखाना आपला आहे

गावात दवाखाना आहे. इमारत आहे, पाटी आहे, डॉक्टर आहेत. तरी पारावर बसले की काय ऐकू येते? "तिथं औषधच मिळत नाही." "प्यायला पाणी नाही." "दुपारी गेलं की कुणी भेटत नाही." तक्रार खोटी नसते. पण ती पारावर होते आणि पारावरच विरते. दवाखान्यापर्यंत ती पोचतच नाही. मग सुधारणा व्हावी कशी?

आपण म्हणतो, दवाखाना सरकारचा. पण सरकारजवळ पैसा येतो कुठून? साबणाची वडी घेतली तरी आपण कर भरतो. त्याच पैशातून दवाखाना चालतो. म्हणजे दवाखाना आपलाच. घराचे छप्पर गळले तर आपण पावसाला शिव्या देत बसत नाही, कौले नीट करतो. दवाखान्याचेही तसेच आहे.

इंदूरला काय झाले?

१९९४ साली सुरतेला प्लेगची साथ आली. सगळीकडे घबराट झाली. इंदूरला महाराजा यशवंतराव रुग्णालय हे मोठे सरकारी रुग्णालय आहे. तिथे तेव्हा उंदरांचा सुळसुळाट होता. मग रोग्यांना हलवले, सारी इमारत रिकामी केली आणि उंदीर मारून ती झाडून धुऊन काढली. अधिकारी झटले, शहरातल्या लोकांनीही हातभार लावला.

पण एकदा झाडलेले घर रोज झाडावे लागते. म्हणून तिथे 'रोगी कल्याण समिती' नेमली. डॉक्टर, अधिकारी आणि नागरिक एकत्र बसून रुग्णालयाची काळजी घेऊ लागले. पुढे २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. त्याने ही पद्धत देशभर नेली. आपल्याकडे तिला 'रुग्ण कल्याण समिती' म्हणतात. रोग्यांना बसायला बाकडे, प्यायला पाणी, साफ संडास, अशा गरजांसाठी तिच्या हाती काही निधी असतो. आपल्या केंद्राच्या समितीत कोण कोण आहे, हे आपल्याला माहीत हवे.

पहिले काम : वाचा

आपण आता वाचायला शिकलो. ती अक्षरे दवाखान्यात कामाला लावू या. भिंतीवरचा फलक वाचा. दवाखान्याची वेळ कोणती? कोणत्या सेवा मिळतात? आपला केसपेपर वाचा आणि जपून ठेवा. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत केले आहेत. हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्याकडून कुणी उगीच पैसे मागू शकत नाही.

दुसरे काम : लिहा

"औषध नाही" एवढे बोलून भागत नाही. कोणते औषध? कोणत्या दिवशी? हे कागदावर आले पाहिजे. अर्ज असा लिहावा :

"दिनांक ४ जुलै. माझ्या मुलाला ताप होता. केंद्रात औषध शिल्लक नव्हते. बाहेरून १४० रुपयांचे घ्यावे लागले. चिठ्ठी आणि पावती जोडली आहे. औषध केव्हा येईल ते कळवावे."

खाली सही करा. अर्ज दोन प्रतींत लिहा. एक डॉक्टरांना द्या, दुसरीवर पोच घ्या. अशा अर्जाने डॉक्टरांनाही मदतच होते. वरून औषध मागवताना तो कागद त्यांना दाखवता येतो. उत्तर आलेच नाही, तर माहितीच्या अधिकाराचा कायदा आहे. तो २००५ चा. १० रुपये भरून अर्ज करावा. साधारणपणे ३० दिवसांत माहिती द्यावी लागते. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही पैसे पडत नाहीत.

तिसरे काम : मिळून विचारा

एकट्याचा आवाज बारीक असतो. म्हणून ग्रामसभेत विचारा. आशाताईंना आणि गावच्या आरोग्य समितीला बरोबर घ्या. पावसाळ्याआधी एक प्रश्न जरूर विचारा : "सापाच्या विषावरचे इंजेक्शन केंद्रात आहे काय?" साप चावल्यावर विचारून उपयोग नाही. तेव्हा घटकाघटका मोलाची असते. आज विचारलेल्या प्रश्नाने उद्या कुणाचा तरी जीव वाचेल.

हे महाराष्ट्रात होऊन गेले आहे. २००७ साली अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या पाच जिल्ह्यांत लोकांनी आपल्या दवाखान्यांवर देखरेख सुरू केली. कोणती सेवा चांगली, कोणती बरी, कोणती वाईट, हे गावागावांत ठरवले. मग जनसुनवाई भरवली. लोकांनी सर्वांसमोर अडचणी मांडल्या, अधिकाऱ्यांनी उत्तरे दिली. काही ठिकाणी बाहेरच्या दुकानाची चिठ्ठी देणे त्यामुळे थांबले.

आपल्याकडूनही काही हवे

दुसऱ्याला जाब विचारायचा, तर आपले वागणेही नीट हवे. दवाखान्यात पान-तंबाखू खाऊन थुंकू नये. एका रोग्यामागे दहा माणसांनी गर्दी करू नये. क्षयाचे औषध बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये. राग आला तरी डॉक्टर-नर्सबाईंवर हात उगारू नये. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने तो गुन्हा आहे. शिवाय मारहाण झालेल्या गावात कोण आनंदाने काम करील? आणि एखाद्या नर्सबाईंनी रात्री जागून बाळंतीण सुखरूप सोडवली, तर तेही ग्रामसभेत सांगावे. चांगल्या कामाची नोंद झाली म्हणजे काम करणाऱ्याला हुरूप येतो.

आता हे करा

१. आपल्या आरोग्य केंद्राची वेळ काय? फलक वाचून वहीत लिहा.
२. रुग्ण कल्याण समितीतल्या दोन सभासदांची नावे विचारून लिहा.
३. केंद्रातली एक अडचण आणि एक चांगली गोष्ट चार ओळींत लिहा. ग्रामसभेत वाचून दाखवा.