अँकरची खुर्ची आणि कागदांची चळत

बारावीचा निकाल लागला की तोच प्रश्न येतो: ‘अँकर व्हायचंय म्हणते, मास मीडियाला घालू का?’ आणि हल्ली आवाज खाली आणून विचारलेला दुसरा: ‘मुलगा समलिंगी आहे, त्याला पत्रकार व्हायचंय. निभेल का?’

पहिल्याचं उत्तर: घाई करू नका. खुर्च्या मोजक्या, उमेदवार ढीगभर. पदवी अर्थशास्त्र, कायदा किंवा कॉमर्सची घ्या. ताळेबंद वाचता आला आणि माहिती अधिकाराचा अर्ज नेमका लिहिता आला, तर बातमीदारी पुढे शिकता येते.

दुसऱ्या प्रश्नाला मी रँडी शिल्ट्सबद्दल सांगते. अमेरिकेतल्या या मुलानं कॉलेजातच आपण समलिंगी असल्याचं उघड सांगितलं. 1975 मध्ये पत्रकारितेची पदवी घेतली, पण कायमची नोकरी देईना कुणी. अनेक वर्षं फुटकळ लेखनावर काढली. 1981 मध्ये ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’नं घेतलं, त्याच वर्षी एड्सचे पहिले रुग्ण नोंदले गेले. सरकारनं पैसे कसे अडवले, रक्तपेढ्यांनी धोका कसा नाकारला, हे त्यानं खणून काढलं आणि 1987 मध्ये ‘अँड द बँड प्लेड ऑन’ लिहिलं. समलिंगींची स्नानगृहं संसर्ग पसरवतात हेही लिहिलं, तेव्हा त्याचीच माणसं त्याच्यावर उलटली. पुस्तक संपेपर्यंत स्वतःच्या एचआयव्ही चाचणीचा निकाल सांगू नका, असं त्यानं डॉक्टरांना बजावलं होतं. लिखाणावर त्याचा परिणाम नको म्हणून. निकाल पॉझिटिव्ह होता. 1994 मध्ये, 42 व्या वर्षी तो गेला. त्याच्या पुस्तकामुळे एका विमान कर्मचाऱ्यावर ‘पहिला रुग्ण’ असा शिक्का बसला, तो 2016 च्या जनुकीय अभ्यासानं पुसला. शोधपत्रकाराची चूक दुसऱ्याला अशी भोगावी लागते, हेही मुलाला सांगा.

आता पालकांना स्पष्टच सांगते. ‘नोकरी लागेपर्यंत कुणाला कळू देऊ नकोस’ हा तुमचा सल्ला या पेशात घातक आहे. पत्रकार ज्यांची लफडी बाहेर काढतो, ते आधी त्याचं गुपित शोधतात. 2018 पासून कायद्याच्या लेखी समलिंगी संबंध गुन्हा नाही. तरी ‘तुझ्या घरी सांगू’ ही धमकी चालते, कारण घरच घाबरलेलं असतं. जगाला कधी सांगायचं ते तो ठरवेल. तुम्हाला ठाऊक आहे आणि तुम्ही त्याच्या बाजूनं आहात, एवढं त्याला या आठवड्यात कळू द्या. फॉर्म भरायला अजून वेळ आहे.