चित्राच्या मागची बाजू वाचणारी नोकरी

न्यू ऑर्लिअन्सच्या कला संग्रहालयाला 1972 मध्ये एक जुनं चित्र देणगी म्हणून मिळालं. साधारण 1837 सालचं. लुइझियानातला निसर्ग, समोर एका श्रीमंत गोऱ्या घरातली तीन मुलं आणि त्यांच्या मागे आकाशाच्या रंगातून अस्पष्ट डोकावणारी एक आकृती. तिथे आधी कोणीतरी होतं आणि नंतर रंग फासून ते झाकलं गेलं होतं. चित्र तीस वर्षांहून जास्त काळ कोठारात पडून राहिलं आणि 2005 मध्ये संग्रहालयाने ते विकून टाकलं.

पुढे वरचा थर उतरवल्यावर खालून एक कृष्णवर्णीय मुलगा निघाला. पंधराएक वर्षांचा, झाडाला टेकून हाताची घडी घातलेला. लुइझियानातल्या एका संग्राहकाने 2021 मध्ये ते चित्र विकत घेतलं आणि एका इतिहास संशोधक बाईंना कामाला लावलं. त्यांनी शहराच्या दप्तरातली जुनी खरेदीखतं उलगडली. मुलाचं नाव बेलिझेर. फ्रे नावाच्या कुटुंबाने त्याला सहा वर्षांचा असताना आईसकट विकत घेतलं होतं. चित्रातल्या चार मुलांपैकी मोठा होईपर्यंत जगला तो एकटाच. 2023 मध्ये न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने (‘मेट’ने) ते चित्र घेतलं आणि आपल्या ‘अमेरिकन विंग’मध्ये लावलं.

एका संग्रहालयाच्या कोठारातली अडगळ दुसऱ्या संग्रहालयाचा मानबिंदू झाली. मधल्या काळात चित्र तेच होतं, ‘हा कोण?’ हा प्रश्न कोणीतरी चिकाटीने विचारला, एवढाच फरक. अमेरिकन चित्रकलेचा क्युरेटर पगार घेतो तो हाच प्रश्न विचारण्याचा. भिंतीवर चित्रं सुंदर मांडणं हा त्याच्या कामातला सगळ्यात दिसणारा आणि सगळ्यात छोटा भाग.

मुलाने ही वाट धरायची म्हटली की पालकांच्या मनात पहिली शंका येते ती वेगळीच: अमेरिकन चित्रकलेत असं आहे तरी काय? गंमत म्हणजे खुद्द अमेरिकन लोकांनाही हीच शंका बराच काळ होती. पैसेवाले अमेरिकन संग्राहक युरोपातून चित्रं आणायचे आणि घरचे चित्रकार दुय्यम ठरायचे. मेटची अमेरिकन विंग उघडली 1924 मध्ये. थॉमस एकिन्ससारख्या मोठ्या चित्रकारावर लॉइड गुडरिच यांचा भक्कम ग्रंथ आला तो 1933 मध्ये, म्हणजे एकिन्स गेल्यानंतर सतरा वर्षांनी. विषय असा तरुण असल्यामुळे साध्या साध्या गोष्टीही परवापरवापर्यंत ठरलेल्या नव्हत्या. समुद्र आणि जहाजं रंगवणारा एकोणिसाव्या शतकातला चित्रकार लेन घ्या. त्याचं नाव पुस्तकांत आणि संग्रहालयांच्या पाट्यांवर वर्षानुवर्षं ‘फिट्झ ह्यू लेन’ असं छापलं जात होतं. या शतकाच्या सुरुवातीला मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी दप्तरात त्याने स्वतः नाव बदलून घेण्यासाठी केलेला अर्ज सापडला आणि कळलं, त्याने घेतलेलं नाव ‘फिट्झ हेन्री’ होतं. मग देशभरातल्या पाट्या बदलाव्या लागल्या. जॉन विल्मरडिंग यांच्यासारख्या अभ्यासकाने वर्षानुवर्षं ज्याच्यावर लिहिलं, त्याच्या नावाची ही गत! संशोधनाची हौस असलेल्या मुलाला इथे काम संपेल अशी भीती नको.

क्युरेटरचा दिवस कसा जातो, हे चित्रकार विन्स्लो होमरच्या जलरंगांवरून छान कळतं. 1887 मध्ये होमरने ‘फॉर टू बी अ फार्मर्स बॉय’ नावाचं चित्र काढलं. शेतातला एक मुलगा आणि वर पांढरंफटक आकाश. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधल्या संवर्धकांनी आणि शास्त्रज्ञांनी कागदाच्या तंतूंत उरलेले रंगाचे सूक्ष्म कण तपासले, तेव्हा कळलं की ते आकाश मुळात सूर्यास्ताच्या लाल-केशरी रंगाने पेटलेलं होतं. होमरने वापरलेले लाल रंग उजेडात टिकणारे नव्हते. ते उडून गेले. म्हणून कागदावरची कामं जेमतेम 50 लक्स उजेडात, तीही काही महिनेच लावतात आणि मग वर्षानुवर्षं अंधाऱ्या खणात ठेवतात. दुसऱ्या संग्रहालयाने असं चित्र उसनं मागितलं की क्युरेटरचा पत्रव्यवहार सुरू होतो: तिथला उजेड किती, दमटपणा किती, विमा कोणाचा, पेटीसोबत विमानात कोण बसणार. चित्र निघण्याआधी त्यावरची प्रत्येक भेग, प्रत्येक डाग नोंदवायचा. पोचल्यावर तीच यादी पुन्हा ताडून पाहायची. कंटाळवाणं वाटतं? ज्याला हे कंटाळवाणं वाटतं त्याने हा रस्ता धरू नये, हे इथेच सांगितलेलं बरं.

यात पैसाही येतो, आणि फार मोठा. 2006 मध्ये फिलाडेल्फियाच्या थॉमस जेफरसन विद्यापीठाने एकिन्सचं 1875 सालचं ‘द ग्रॉस क्लिनिक’ 6 कोटी 80 लाख डॉलर्सला विकायला काढलं. चित्रात एक शल्यविशारद विद्यार्थ्यांसमोर शस्त्रक्रिया करतोय, हातातल्या शस्त्राला रक्त लागलंय. शहराबाहेर चित्र जाऊ नये म्हणून तिथल्या लोकांनी वर्गणी काढली आणि तिथल्या दोन संस्थांनी मिळून ते राखलं. त्यानंतरचं काम जास्त रंजक आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोणीतरी चित्र साफ करताना एकिन्सने मुद्दाम दिलेले गडद पातळ थरही पुसून टाकले होते, त्यामुळे मागची माणसं उगाच उजळ दिसत होती. क्युरेटर कॅथलीन फॉस्टर आणि संवर्धक मार्क टकर यांनी जुना फोटो आणि एकिन्सने स्वतः शाईत केलेली त्याच चित्राची प्रत यांच्या आधाराने तो काळोख परत आणला. 2010 मध्ये चित्र पुन्हा लोकांसमोर आलं.

आणि तज्ज्ञ चुकतातही. चित्रकार नॉर्मन रॉकवेलचं ‘ब्रेकिंग होम टाइज’ हे चित्र त्याच्याच नावाच्या संग्रहालयात दिमाखात टांगलेलं होतं. 1954 मध्ये ज्या मुखपृष्ठावर ते छापलं गेलं होतं त्याच्याशी त्याचे रंग जुळत नव्हते, चित्रातल्या मुलाचा चेहरा जरा वेगळा वाटत होता. पण कोणीतरी वाईट दुरुस्ती केली असेल, असं मानून विषय मिटवला गेला. मालक होता डॉन ट्रॅक्टी नावाचा व्यंगचित्रकार. तो वारल्यानंतर 2006 मध्ये त्याच्या मुलांना घरात एक खोटी भिंत सापडली आणि तिच्यामागे खरं चित्र. टांगलेली होती ती ट्रॅक्टीने स्वतः केलेली नक्कल. खरं चित्र त्याच वर्षी लिलावात 1 कोटी 54 लाख डॉलर्सला गेलं. रंग जुळत नाहीत हे दिसत होतं, फक्त त्याचा सोयीचा अर्थ लावला गेला. संग्रहालयशास्त्राच्या कोणत्याही वर्गात पहिल्या दिवशी सांगावी अशी ही गोष्ट.

आता शिक्षणाचं. बारावीला कोणती शाखा होती, यावर फार काही अडत नाही. कला शाखेतून इतिहास, इंग्रजी किंवा कलेचा इतिहास, त्यानंतर एम.ए.; आणि मोठ्या संग्रहालयात जायचं तर बहुतेक ठिकाणी पीएच.डी. भारतात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात 1952 पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे आणि तिथल्या ललित कला शाखेत कलेच्या इतिहासाचं शिक्षण मिळतं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पदव्युत्तर पदविका चालवतं. अमेरिकन विषयासाठी मात्र अमेरिकेलाच जावं लागतं. डेलावेअर विद्यापीठ आणि विंटरथर संग्रहालय यांचा संयुक्त अभ्यासक्रम, मॅसॅच्युसेट्समधला विल्यम्स कॉलेज आणि क्लार्क इन्स्टिट्यूटचा एम.ए., न्यू यॉर्कची इन्स्टिट्यूट ऑफ फाइन आर्ट्स ही या क्षेत्रातली मानाची नावं. पीएच.डी.साठी फ्रेंच किंवा जर्मन वाचता येणं बऱ्याच ठिकाणी सक्तीचं असतं. विज्ञान शाखेच्या मुलांसाठी शेजारीच एक दार आहे, संवर्धनाचं. तिथे सेंद्रिय रसायनशास्त्र आधी लागतंच.

पैशाचं गणित पालकांनी नीट समजून घ्यावं. अमेरिकेत चांगल्या विद्यापीठात पीएच.डी.ला प्रवेश मिळाला तर फी माफ होते आणि खर्चापुरतं विद्यावेतन मिळतं, एम.ए.ला सहसा तसं नसतं. म्हणजे कर्ज काढून एम.ए. करणं जास्त जोखमीचं. पीएच.डी.ला सहा-सात वर्षं सहज जातात. नंतर शिष्यवृत्तीवरची तात्पुरती कामं (स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियम आणि टेरा फाउंडेशन अशा शिष्यवृत्त्या देतात), मग सहायक, मग सहयोगी आणि शेवटी क्युरेटर. पदं मुळातच मोजकी, आणि कोणी निवृत्त झाल्याशिवाय जागा निघत नाही. परदेशी विद्यार्थ्याला पदवीनंतर नोकरीसाठी मिळतं एकच वर्ष. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांना मिळणारी दोन वर्षांची वाढ कलेच्या इतिहासाला मिळत नाही. स्मिथसोनियनमधल्या संघराज्य सरकारच्या पदांना अमेरिकन नागरिकत्व लागतं. ‘मुलगी हुशार आहे, होईल काहीतरी’ एवढ्यावर घर गहाण टाकू नये.

दुसरी बाजूही आहे. हेच शिक्षण लिलावगृहांत, अभिलेखागारांत, कला प्रकाशनांत आणि संग्रहालयांच्या शैक्षणिक विभागांत चालतं. परत यायचं ठरलं तर दिल्लीचं किरण नाडर म्युझियम, बंगळुरूचं 2023 मध्ये उघडलेलं म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी, मुंबईचं भाऊ दाजी लाड संग्रहालय इथे अशा तयारीची माणसं लागतात. भारतात ‘अमेरिकन चित्रकलेचा क्युरेटर’ अशी जागा शोधायला जाऊ नये. ती जवळजवळ नाहीच.

तरीही इथल्या मुलाला एक जागा आयती मोकळी आहे. 1967 मध्ये न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने अमेरिकन चित्रकलेच्या वीस वर्षांचं प्रदर्शन दिल्लीत आणलं. त्याच्या थोडंच आधी, 1964 मध्ये, नागपुरात जन्मलेले आणि मूळ गोव्याच्या कुटुंबातले चित्रकार वासुदेव गायतोंडे रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यू यॉर्कला गेले. पुढे 2014 मध्ये तिथल्याच गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं, त्याच्या क्युरेटर होत्या संधिनी पोद्दार. मुंबई आणि न्यू यॉर्क यांच्यातली ही ये-जा दोन्हीकडची कागदपत्रं वाचून मांडणारे अभ्यासक थोडे आहेत. मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्ही वाचणारा माणूस तिथे अमेरिकन विद्यार्थ्याच्या एक पाऊल पुढेच असतो. परक्या देशाच्या कलेत बाहेरच्याने नाव काढणं नवलाचं नाही; व्हिएन्नात शिकलेल्या स्टेला क्रॅमरिश फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात भारतीय कलेच्या क्युरेटर होत्याच.

आवड खरी आहे की क्षणिक, हे तपासायला एक पैसाही लागत नाही. हार्वर्डच्या प्राध्यापक जेनिफर रॉबर्ट्स विद्यार्थ्यांना एकाच चित्रासमोर तीन तास बसवतात. त्यांनी स्वतः हा प्रयोग केला अमेरिकन चित्रकार कॉपलीच्या 1765 सालच्या चित्रावर. एक मुलगा टेबलाशी बसलाय, हातातल्या साखळीला बांधलेली उडती खार, शेजारी पाण्याचा पेला. मुलाच्या कानाची वळणं आणि खारीच्या पोटावरच्या केसांची कड सारखी आहे, हे त्यांच्या लक्षात यायला नऊ मिनिटं लागली. साखळी धरणाऱ्या बोटांमधलं अंतर खालच्या पेल्याच्या रुंदीएवढं आहे, हे दिसायला एकवीस.

बोस्टनच्या संग्रहालयातलं हे चित्र इंटरनेटवर मोठ्या आकारात पाहायला मिळतं, आणि मेट व स्मिथसोनियन यांनी आपल्या लाखो प्रतिमा मोफत खुल्या केल्या आहेत. मुलाने एक चित्र निवडावं, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून तीन तास बसावं आणि जे दिसलं ते वहीत उतरवावं. वही भरली तर त्यातूनच दहा-बारा पानांचा निबंध तयार करावा. अमेरिकन विद्यापीठं अर्जासोबत असंच लेखन मागतात आणि पीएच.डी.च्या अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत संपते.