मोबाइलच्या पडद्यामागचे विज्ञान आणि पालकांची घाई

दर वर्षी बारावीचा निकाल आणि सीईटीचे पर्सेंटाइल हाती पडले की मार्गदर्शकांपुढे तेच प्रश्न येऊन उभे राहतात: संगणक शाखा मिळेल का, ती न मिळाल्यास ‘एआय अँड डेटा सायन्स’ चालेल का, आणि तेही न जमल्यास व्यवस्थापन कोट्यातील जागेला किती खर्च येईल. विद्यार्थ्याला कोणत्या विषयात रस आहे, हा प्रश्न या यादीत बहुधा नसतोच. महाविद्यालयात पुरेसे प्राध्यापक आहेत की नाहीत हेही न पाहता केवळ शाखेच्या नावासाठी लाखो रुपये भरणे ही या हंगामातील सर्वांत महागडी चूक होय. अभियांत्रिकी, वैद्यकीय, वाणिज्य या वाटांची माहिती घरोघरी आहे, म्हणून तिची उजळणी येथे अनावश्यक ठरते; येथे विचार करायचा आहे तो प्रकाश देणाऱ्या रेणूंच्या संशोधनाच्या कमी परिचित वाटेचा.

ज्या मोबाइलवर निकाल पाहिला जातो, त्याचा पडदा अनेकदा ओएलईडी प्रकारचा असतो, म्हणजे वीजप्रवाह मिळताच प्रकाश देणाऱ्या कार्बनी रेणूंच्या अतिशय पातळ थरांचा. ईस्टमन कोडॅक कंपनीतील चिंग टँग व स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी 1987 मध्ये असा दोन थरांचा कार्यक्षम दिवा प्रसिद्ध केला आणि 1990 मध्ये केंब्रिज येथील गटाने बहुवारिकापासून, म्हणजे पॉलिमरपासून, प्रकाश मिळवला. या थरात ऋण इलेक्ट्रॉन आणि धन ‘होल’, म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, एकत्र आले की ‘एक्सायटॉन’ नावाची उत्तेजित अवस्था तयार होते. मात्र इलेक्ट्रॉनच्या फिरकीच्या नियमानुसार अशा अवस्थांपैकी सुमारे 25 टक्केच ‘सिंगलेट’ असतात आणि त्या सहज प्रकाश देतात, तर उरलेल्या 75 टक्के ‘ट्रिपलेट’ अवस्थांची ऊर्जा साध्या कार्बनी रेणूत बहुतांशी उष्णता होऊन वाया जाते. इरिडियमसारखा जड अणू रेणूत घातल्यास ट्रिपलेटही प्रकाश देऊ लागतात, परंतु हा धातू दुर्मीळ व महाग आहे. जपानच्या क्युशू विद्यापीठातील चिहाया अदाची यांच्या गटाने 2012 मध्ये धातूविना चालणारे असे रेणू दाखवले, ज्यांच्यात दोन्ही अवस्थांमधील ऊर्जेचे अंतर इतके थोडे असते की खोलीच्या तापमानाची उष्णताच ट्रिपलेटला सिंगलेटमध्ये चढवते. तरीही निळा रंग आजही अडचणीचा आहे, कारण त्याची ऊर्जा मोठी असते आणि दीर्घकाळ रेंगाळलेल्या दोन अवस्था एकमेकींवर आदळल्या तर एकत्र झालेली ऊर्जा रेणूचे बंध तोडू शकते.

हे सारे पाहायचे कसे, हा या क्षेत्राचा गाभा आहे. रेणूंतील काही बदल फेम्टोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या एक हजार लाख कोटीव्या भागांच्या हिशेबात घडतात आणि तेथे कोणतेही विद्युत उपकरण पुरत नाही. म्हणून लेसरचा एक स्पंद नमुन्याला उत्तेजित करतो, दुसरा स्पंद किंचित उशिरा येऊन त्याची अवस्था तपासतो, आणि हा उशीर घड्याळाने नव्हे तर आरसा सरकवून निर्माण केला जातो: आरसा 0.15 मिलिमीटर मागे घेतला की प्रकाशाचा जाण्यायेण्याचा मार्ग 0.3 मिलिमीटरने वाढतो आणि स्पंद एक पिकोसेकंद, म्हणजे 1000 फेम्टोसेकंद, उशिरा पोहोचतो. अशा तंत्राने रासायनिक अभिक्रिया टिपल्याबद्दल अहमद झेवैल यांना 1999 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. या कामासाठी पुंजयामिकी, रसायन, प्रकाशशास्त्र, प्रोग्रॅमिंग आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रयोगाची सवय असलेले हात लागतात.

नेमके हेच हात आज खासगी शिकवणी व कनिष्ठ महाविद्यालय जोडणाऱ्या ‘इंटिग्रेटेड’ वर्गांच्या पद्धतीत तयार होत नाहीत, कारण तेथे प्रात्यक्षिके अनेकदा नावापुरती असतात, जर्नल दुसऱ्याचे पाहून उतरवले जाते आणि दोन वर्षांत प्रयोगशाळेचे दार क्वचितच उघडते, याकडे पालक जाणूनबुजून काणाडोळा करतात. शेजारच्या मुलाच्या पॅकेजवरून स्वतःच्या मुलीची लायकी ठरवणारे पालक मार्गदर्शन मागत नसतात. त्यांना आधीच घेतलेल्या निर्णयावर शिक्का हवा असतो. आपली राहून गेलेली इच्छा म्हणून मुलाला शास्त्रज्ञ करू पाहणारे पालकही त्याच दोषाचे धनी आहेत.

संशोधनाचा हा मार्ग सोपा आहे, असे मात्र कोणी सांगू नये. भारतात वापरली जाणारी पडद्याची पॅनेल मुख्यतः कोरिया व चीनमधून येतात, त्यामुळे या उद्योगात देशात नोकऱ्या थोड्या आहेत. पीएचडीला पाच वर्षे सहज लागतात आणि 2023 पासून कनिष्ठ संशोधनवृत्ती महिना 37,000 रुपये आहे. ज्या घराला बाविसाव्या वर्षी मुलाच्या पगाराची गरज आहे, त्या घराने हा मार्ग घेऊ नये. इतरांनी एवढे ध्यानात घ्यावे की येथे मिळणारे लेसर, निर्वात यंत्रणा व संकेत-विश्लेषणाचे कौशल्य सौरघट, अर्धवाहक चिपची तपासणी आणि प्रकाशीय उपकरणे यांतही कामी येते.

पुण्यातील आयसर या विज्ञानसंस्थेसाठी आयएटी, भुवनेश्वरचे नायसर व मुंबईतील मूलभूत विज्ञान केंद्र यांसाठी नेस्ट, आणि चांगल्या महाविद्यालयातून बी.एस्सी. केल्यास एम.एस्सी.साठी आयआयटी जॅम, असे प्रवेश परीक्षांचे रस्ते आहेत. यांपैकी आयएटीच्या अर्जाची मुदत सहसा बारावीच्या निकालापूर्वीच संपते, त्यामुळे निकाल पाहून विचार सुरू करणाऱ्या घरांना त्या वर्षी आयसरचे दार बंद झालेले असते. हा विचार अकरावीतच व्हायला हवा.