मुसीकाठचा राखीव निधी

वाणिज्य शाखेत आपण राखीव निधीचा धडा शिकतो. चांगल्या वर्षी नफ्याचा काही भाग बाजूला ठेवला, तर वाईट वर्षी पेढी बुडत नाही. हा पैसा एरवी निरुपयोगी वाटतो. परंतु तो उधळणारा व्यापारी पहिल्याच मोठ्या तोट्यात कोलमडतो. नदीकाठच्या पाणथळ जमिनीचेही असेच आहे.

तारनाक्याच्या दक्षिणेस, रामंतापूरच्या खालून मुसी नदी वाहते. अनंतगिरीच्या डोंगरात उगम पावून ती कृष्णेला मिळते. तिच्या खोऱ्यात पूर्वजांनी तलावांच्या माळा बांधल्या. वरचा तलाव भरला की पाणी खालच्यात उतरे. तेलुगूत त्याला चेरुवु, कन्नडात केरे आणि आपण तळे म्हणतो. तळ्याकाठची सखल, लव्हाळ्याची जमीन पुराचा वेग मोडते, गाळ खाली बसवते आणि पाणी मुरवते. मुळांवरील सूक्ष्म जीव सांडपाण्यातील घाण कुजवतात. मात्र या निधीलाही मर्यादा आहे. पाण्यातले शिसे किंवा कॅडमियम कुजत नाही, ते चिखलात साठते. मुसीच्या सांडपाण्यावर म्हशींसाठी गवत पिकवले जाते, म्हणून ही गोष्ट दुधापर्यंत पोहोचू शकते.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीच्या पुराने हजारो माणसे बळी गेली. त्यानंतर निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावले. जन्माने ते कन्नड मुलखातले, स्थापत्यशास्त्र शिकले पुण्यात. शहराच्या वरच्या अंगास पूर अडवणारे जलाशय हवेत, असे त्यांनी सुचवले. त्यातून उस्मानसागर (१९२०) व हिमायतसागर (१९२७) उभे राहिले. तत्त्व जुनेच होते : पाण्याला थांबायला जागा द्या.

ती जागा आपण विकत गेलो. तळ्यांत भराव पडले, नाले अरुंद झाले. १३ ऑक्टोबर २०२० च्या रात्री मुसळधार पावसाने हब्सीगुडा, रामंतापूर, उप्पल भागांत घरोघरी पाणी शिरले. आमच्या ओळखीच्या एका किराणा दुकानदाराची तांदळाची पोती भिजून गेली. दुकान भाड्याचे होते. तळ्याच्या जागेवर प्लॉट पाडून नफा कमावणारा केव्हाच निघून गेला होता.

येथेच हिशेबाची चूक आहे. नफा एकाच्या खात्यावर जमा होतो आणि तोटा दुसऱ्याच्या नावे पडतो. कोणत्याही ताळेबंदात तळ्याची नोंदच नसते. मित्रहो, उद्या आपल्यापैकी कोणी बँकेत बसून घरकर्जाचे कागद तपासतील. त्या वेळी जमिनीच्या भावाबरोबर एवढे अवश्य विचारावे : येथे पूर्वी पाणी कोठे थांबत असे?